माले कोन्ही इचारं? : खानदेशातील रुग्णालयांना आणि आरोग्य अधिकाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतील रुग्णालयांचे संचालक, तेथे शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर आणि या रुग्णालयांची नोंदणी व तपासणी करणारे आरोग्य अधिकारी यांस,

विषय : रुग्णाला न विचारता, नातेवाइकाच्या सहीवर होणाऱ्या शस्त्रक्रिया

महोदय, महोदया,

गेल्या महिन्यात एका खासगी रुग्णालयाकडून मला दोन ओळींचे उत्तर आले. ‘सदर शस्त्रक्रिया रुग्णाच्या नातेवाइकाच्या लेखी संमतीने करण्यात आलेली आहे, सबब आपल्या तक्रारीत तथ्य नाही.’ या उत्तराच्या पहिल्या भागातला शब्द न् शब्द खरा आहे. संमती लेखी होती, सही खरी होती आणि ती सही करणारा नातेवाईक मीच होतो. रुग्णालयाचे नाव मी येथे देत नाही, कारण मला जे म्हणायचे आहे ते एका रुग्णालयापुरते नाही. हे उत्तर उद्या तिन्ही जिल्ह्यांतल्या कुठल्याही रुग्णालयाच्या लेटरहेडवर आले, तरी त्यात एक अक्षर बदलावे लागणार नाही.

माझी मोठी बहीण, आमची आक्का, एक्केचाळीस वर्षांची आहे. पारोळ्याकडच्या एका खेड्यात तिची तीन एकर कोरडवाहू शेती आहे. पोटात दुखणे दसऱ्यापासून सुरू होते, पण कापूस वेचणीला आलेला असताना दवाखान्यात कोण जाणार, म्हणून तिने ते दोन महिने अंगावर काढले. सोनोग्राफीत डाव्या अंडाशयावर गाठ निघाली. डॉक्टरांनी तिला समोर बसवून सांगितले की दुर्बिणीने गाठ काढू, तीन छोटी छिद्रे पाडावी लागतील, तिसऱ्या दिवशी घरी जाल. तिने दोन प्रश्न विचारले, त्यांची नीट उत्तरे मिळाली आणि ती ‘बरं’ म्हणाली. इथपर्यंत सारे जसे व्हायला हवे तसेच झाले, हे मी मुद्दाम लिहितो आहे.

ऑपरेशनच्या दिवशी दाजींना मेडिकलमधून सलाइनचे सामान आणायला खाली पाठवले होते. ऑपरेशन थिएटरच्या दाराशी मी एकटाच होतो. आत नेल्यावर साधारण पाऊण तासाने दार अर्धे उघडले आणि हिरव्या गाऊनमधले एक तरुण डॉक्टर पॅड घेऊन बाहेर आले. पेशंटबरोबर कोण आहे, असे विचारून ते म्हणाले, “आत वाटलं त्यापेक्षा जास्त आहे. पिशवीही सुजलेली आहे. पिशवी आणि दोन्ही अंडाशयं एकदमच काढून टाकू, म्हणजे पुन्हा पोट उघडायला नको आणि पुढे कॅन्सरची भानगड नको.” पॅडवरचा कागद इंग्रजीत छापलेला होता. त्यावर तीन ठिकाणी पेन्सिलीने फुल्या मारलेल्या होत्या, म्हणजे सही कुठे करायची ते आधीच ठरलेले होते. मी एकच प्रश्न विचारला, “धोका नाही ना?” ते म्हणाले, “ठेवली तर धोका आहे.” मी तिन्ही फुल्यांवर सह्या केल्या.

मी माध्यमिक शाळेत मराठी शिकवतो. वीजबिलाच्या मागचा बारीक मजकूरही वाचणारा माणूस म्हणून घरात माझी चेष्टा होते. तो कागद मात्र मी एक मिनिटही वाचला नाही. पुढे त्याची प्रत हाती आली तेव्हा कळले की त्यात एक इंग्रजी वाक्य होते आणि त्याचा अर्थ असा : वरील सर्व माहिती मला समजणाऱ्या भाषेत समजावून सांगण्यात आली आहे.

थोड्या वेळाने स्टीलच्या ट्रेमध्ये हिरव्या फडक्याखाली काढलेले अवयव बाहेर आणून मला दाखवण्यात आले. “बघून घ्या,” असे सांगितले. रुग्णालयांत ही पद्धत आहे आणि तिच्यामागचा हेतू मी समजू शकतो. पण जिच्या पोटातून ते काढले ती आत भुलेत होती आणि बघून घेण्याचा मान मला मिळत होता.

आक्काला हे कुणी सांगायचे, यावर घरात पाच दिवस चर्चा चालली आणि सांगितले कुणीच नाही. दाजी म्हणाले मास्तर सांगतील, मी म्हणालो आई सांगेल, आई म्हणाली की आता दोन लेकरे मोठी झालेली आहेत, पिशवीचे काय काम उरले आहे. शेवटी टाके काढताना सिस्टर सहज म्हणून गेल्या, “चला, आता पाळीची कटकट गेली.” त्या रात्री आक्काने मला जवळ बोलावून विचारले, “भाऊ, तू कसावर सही करी दिधी? माले कोन्ही इचारं?”

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. मी ते पुस्तकांत आणि कागदपत्रांत शोधू लागलो, तेव्हा जे सापडले ते आपल्यासमोर ठेवतो. आपल्यापैकी अनेकांना हे माहीत असणारच. माहीत असूनही घडते आहे, हीच माझी तक्रार आहे.

जवळजवळ हीच घटना दिल्लीत मे १९९५ मध्ये घडली होती. चव्वेचाळीस वर्षांच्या एका अविवाहित स्त्रीला दुर्बिणीतून केवळ तपासणी करण्यासाठी भूल देण्यात आली. ती भुलेत असतानाच बाहेर बसलेल्या तिच्या आईची सही घेऊन गर्भाशय, अंडाशये आणि बीजवाहिन्या काढण्यात आल्या. ग्राहक आयोगाने तिची तक्रार फेटाळली. ती सर्वोच्च न्यायालयात गेली आणि १६ जानेवारी २००८ रोजी तीन न्यायमूर्तींच्या पीठाने समीरा कोहली खटला या नावाने ओळखला जाणारा निकाल दिला. तपासणीसाठी दिलेली संमती ही उपचाराची संमती होत नाही. एका उपचारासाठी दिलेली संमती दुसऱ्या उपचारासाठी वापरता येत नाही, मग तो दुसरा उपचार रुग्णाच्या कितीही भल्याचा असो आणि त्याने दुसऱ्या ऑपरेशनचा खर्च व त्रास कितीही वाचत असो. रुग्ण सज्ञान असेल आणि केवळ भूल दिल्यामुळे तात्पुरता बेशुद्ध असेल, तर त्याच्या वतीने आईलाही संमती देता येत नाही. अपवाद एकच, तो म्हणजे थांबल्यास जीव जाण्याचा किंवा प्रकृतीला गंभीर धोका होण्याचा प्रसंग.

आईला जे करता येत नाही ते भावाला कसे करता येईल? तरुण डॉक्टरांनी मला दिलेले कारण, ‘पुन्हा पोट उघडायला नको’, हे न्यायालयाने २००८ मध्येच तपासून बाजूला ठेवलेले कारण आहे.

आक्काची पिशवी काढणे वैद्यकीयदृष्ट्या योग्य होते की नव्हते, हा वाद मी या पत्रात घालत नाही. मला तो अधिकार नाही. कदाचित दोन दिवसांनी, सारे ऐकून घेतल्यावर, तीच म्हणाली असती की काढून टाका. कदाचित तिने पिशवी काढू दिली असती आणि एक अंडाशय ठेवायला सांगितले असते. कारण दोन्ही अंडाशये गेल्यावर पाळी एका दिवसात कायमची थांबते, अंगातून वाफा निघतात, झोप उडते आणि पुढे हाडे ठिसूळ होण्याचा धोका वाढतो. हे सारे ती आज एक्केचाळिसाव्या वर्षी भोगते आहे, आणि निवड करण्याआधी यातले एक वाक्यही तिच्या कानावर पडलेले नव्हते.

आता माझ्या तक्रारी लिहितो.

पहिली आणि सर्वांत मोठी तक्रार ही की आपल्या रुग्णालयांत ‘संमती’ या शब्दाचा अर्थ ‘बरोबरच्या पुरुषाची सही’ असा झाला आहे. भरतीच्या काउंटरवर बाई स्वतः उभी असते, बोलत असते, पैसे तिच्याच कनवटीला असतात, तरी पेन नवऱ्याकडे किंवा मुलाकडे दिले जाते. १९७१ च्या गर्भपात कायद्यानुसार सज्ञान स्त्रीच्या बाबतीत केवळ तिचीच संमती लागते. तरीही नवऱ्याला घेऊन या, असे सांगून तिला परत पाठवल्याचे प्रसंग मी शाळेतल्या पालक स्त्रियांकडून ऐकले आहेत. डॉक्टरांसाठीच्या २००२ च्या आचारसंहितेत वंध्यत्व येऊ शकेल अशा शस्त्रक्रियेसाठी पती आणि पत्नी दोघांची संमती सांगितली आहे. ‘दोघांची’ हा शब्द कृपया पुन्हा वाचावा. आक्काच्या कागदावर पतीची सही नाही आणि पत्नीचीही नाही. भावाची आहे.

दुसरी तक्रार भाषेची आहे. जळगाव, धुळ्याच्या खेड्यांत माणसे अहिराणी बोलतात, यावल-रावेरकडे लेवा बोली, तापीच्या काठाने तावडी, आणि सातपुड्यात धडगाव, अक्कलकुव्यापर्यंत गेलात तर पावरी आणि भिली. या साऱ्यांसमोर इंग्रजी कागद ठेवला जातो. मराठी कागद ठेवला तरी ‘उदरपोकळी’ आणि ‘गर्भाशय उच्छेदन’ असले शब्द मराठीच्या शिक्षकालाही अडखळायला लावतात. गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याखालच्या नियमांत गर्भजलासारख्या तपासण्यांच्या आधी स्त्रीची लेखी संमती तिला समजणाऱ्या भाषेत घेण्याचा नमुना ठरवून दिलेला आहे. म्हणजे शासनाला ही गोष्ट सुचत नाही असे नाही. ‘पिशवी’, ‘गाठ’, ‘टाके’ या शब्दांत सर्व काही सांगता येते.

मी असे होताना स्वतः पाहिले आहे. आमच्या आप्पांचे हर्नियाचे ऑपरेशन करणाऱ्या तालुक्यातल्या एका डॉक्टरांनी केसपेपर उलटा करून त्यावर पोटाचे चित्र काढले, पोत्याला भोक पडले की धान्य कसे बाहेर येते तसे आतडे येते म्हणून सांगितले, जाळी कुठे बसवणार ते दाखवले, नाही केले तर काय होऊ शकते तेही सांगितले. सगळे अहिराणीत झाले आणि त्याला दहा मिनिटेही लागली नाहीत. आप्पांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, “गहू निंघी जाऊ द्या, मंग करा.” डॉक्टरांनी तारीख पुढची दिली, तोवर जड उचलू नका म्हणून बजावले, आणि दुखणे अचानक वाढले तर रात्री-अपरात्रीही या, असे सांगितले. त्या कागदावर आप्पांचा अंगठा आहे. तो अंगठा माझ्या तीन इंग्रजी सह्यांपेक्षा कितीतरी पक्का आहे, कारण ‘आत्ता नको’ म्हणण्याची मोकळीक त्यांना होती आणि ती त्यांनी वापरली.

तिसरी तक्रार वेळेची. भरती होताना फॉर्मचा गठ्ठा पुढे येतो, त्यातच कोऱ्या जागा सोडलेली संमतीपत्रे असतात आणि त्या जागा नंतर भरल्या जातात. शस्त्रक्रियेचे नाव लिहिलेले नसताना घेतलेली सही ही कशाची संमती? ऑपरेशन कोण करणार, भूल कोणती देणार, हेदेखील त्या क्षणी रुग्णाला माहीत नसते. एचआयव्हीच्या रक्ततपासणीचेही तसेच. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे आणि त्यात या तपासणीआधी संमती घेणे बंधनकारक आहे. ऑपरेशनपूर्व तपासण्यांच्या यादीत ही तपासणी असते, हे आक्काला बिल पाहून कळले.

चौथी तक्रार कागदपत्रांची. २००२ च्या त्याच आचारसंहितेनुसार रुग्णाने किंवा त्याच्या अधिकृत प्रतिनिधीने मागणी केल्यावर बहात्तर तासांत नोंदी द्यायच्या असतात. मला संमतीपत्राची प्रत मिळायला तेवीस दिवस लागले. पहिल्या खेपेला ‘फाईल वर गेली आहे’, दुसऱ्या खेपेला ‘सर आल्यावर या’. महाराष्ट्रात शुश्रूषागृह नोंदणीचे सुधारित नियम जानेवारी २०२१ मध्ये आले आणि रुग्ण हक्कांची सनद दर्शनी भागात लावणे रुग्णालयांना बंधनकारक झाले. त्या रुग्णालयात ती लावलेली आहे, हे मान्य केले पाहिजे. ती पाणी थंड करण्याच्या मशीनमागे आहे, आणि तिची खालची अर्धी बाजू वाचायची तर मशीन सरकवावे लागते.

पिशवीच्या ऑपरेशनांविषयी थोडे अधिक लिहिणे भाग आहे. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार स्त्रियांची चौकशी २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने केली. ८२ हजारांहून अधिक स्त्रियांच्या पाहणीत १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली आढळली. एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अनावश्यक गर्भाशय-शस्त्रक्रियांविषयीच्या एका याचिकेवर निकाल देताना, केंद्राने २०२२ मध्ये काढलेली मार्गदर्शक तत्त्वे सर्व राज्यांनी तीन महिन्यांत स्वीकारावीत, असा आदेश दिला. ऊसतोडीला आपल्याकडचीही माणसे जातात. नंदुरबार, शिरपूर, चाळीसगावकडची भिल्ल आणि पावरा कुटुंबे दिवाळीनंतर गुजरातच्या आणि पश्चिम महाराष्ट्राच्या कारखान्यांवर उतरतात. त्यांच्या स्त्रियांचे दुखणे हंगामाच्या आधी किंवा नंतर, मुकादमाच्या उचलीच्या पैशांत उरकायचे असते. घाईत असलेल्या बाईला ‘एकदाची काढून टाका’ हा सल्ला पटवणे अवघड नसते. म्हणूनच तिला विचारताना जास्त थांबायला हवे.

मुलींविषयी एकच गोष्ट सांगून पुढे जातो. २००९-१० मध्ये तेव्हाच्या आंध्रातल्या (आता तेलंगणातल्या) खम्मम जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील लसीच्या अभ्यासात वसतिगृहातल्या अनेक आदिवासी मुलींच्या संमतीपत्रांवर आईवडिलांऐवजी अधीक्षकांच्या सह्या होत्या आणि संसदीय समितीने त्यावर कडक ताशेरे ओढले. सातपुड्याच्या पायथ्याशी आश्रमशाळांची रांग आहे. तेथे आरोग्य तपासणीची गाडी जाते तेव्हा सही कोण करतो, हे आपण एकदा जाऊन पाहावे.

आपली बाजूही मला ठाऊक आहे. एका ओपीडीत शंभर रुग्ण, ऑपरेशनच्या यादीत सहा नावे, जमावाची भीती, आणि डॉक्टरांवरील हल्ल्यांविरुद्ध २०१० मध्ये कायदा करावा लागावा असे आपले समाजवर्तन. महामार्गावरच्या अपघातात रक्तबंबाळ होऊन आलेल्या माणसाला कुणी सही मागत बसावे, असे मी म्हणत नाही आणि कायदाही म्हणत नाही. २००८ च्या त्या निकालानेही डॉक्टरांवर अमेरिकी पद्धतीचे ओझे टाकलेले नाही. दूरचा, क्वचितचा प्रत्येक धोका वाचून दाखवा, असे त्यात नाही. उपचार काय आहे, कशासाठी आहे, दुसरा पर्याय कोणता, मोठे धोके कोणते आणि नकार दिला तर काय होईल, एवढे पुरेसे सांगा, इतकेच न्यायालयाचे म्हणणे आहे. त्या खटल्यात डॉक्टरांनी सद्भावनेने उपचार केले, हेही न्यायालयाने मान्य केले, नुकसानभरपाई पंचवीस हजार रुपयेच ठरवली आणि थकलेली फी मात्र डॉक्टरांना घेता येणार नाही असे सांगितले. सद्भावना असली तरी विचारायचे राहिलेच, असा त्याचा अर्थ मी घेतो. आक्काच्या डॉक्टरांच्या हेतूविषयी माझ्याही मनात शंका नाही.

माझ्या मागण्या अशा आहेत.

शुद्धीवर असलेल्या सज्ञान रुग्णाच्या शस्त्रक्रियेची संमती फक्त त्याच्याकडूनच घ्यावी, आणि नातेवाइकाने सही करायचीच असेल तर ती साक्षीदार म्हणून वेगळ्या जागी करावी. संमतीपत्र साध्या मराठीत असावे. रुग्ण अहिराणी, भिली किंवा पावरी बोलणारा असेल तर त्या भाषेत कुणी समजावले, त्या व्यक्तीचे नाव आणि वेळ त्यावर लिहिलेली असावी. कोऱ्या जागा सोडलेल्या कागदावर सही घेणे बंद व्हावे. गर्भाशय किंवा अंडाशय काढण्याची शक्यता असेल तर ती आदल्या दिवशीच त्या स्त्रीला सांगून, ‘आत तसे आढळले तर काढावे की थांबावे’ याचे तिचे उत्तर लिहून घ्यावे. असे उत्तर घेतलेले नसेल आणि जिवाला धोका नसेल, तर थांबावे, पोट शिवावे आणि ती शुद्धीवर आल्यावर तिला विचारावे. सही झाल्याबरोबर संमतीपत्राची प्रत रुग्णाच्या हातात द्यावी.

आणि ज्या अधिकाऱ्यांच्या सहीने रुग्णालयांची नोंदणी आणि नूतनीकरण होते, त्यांच्याकडे माझी मागणी अशी की तपासणीला गेल्यावर अग्निशमन यंत्र आणि जैविक कचऱ्याच्या पिशव्या पाहता तशीच मागच्या महिन्यातली दहा संमतीपत्रे काढून पाहावीत आणि त्यांवर सही कुणाची आहे एवढेच मोजावे. चाळिशीच्या आतल्या किती स्त्रियांची पिशवी कोणत्या रुग्णालयात काढली गेली, याची जिल्हावार यादी करून ती जाहीर करावी.

नुकसानभरपाई आम्हाला नको, असे आक्काने स्पष्ट सांगितले आहे. हे पत्र प्रसिद्धीला देण्यापूर्वी मी तिला ते दोनदा वाचून दाखवले. दोन ठिकाणचा मजकूर तिने गाळायला लावला, तो गाळला आहे. तिचे नाव तिच्या इच्छेनुसार दिलेले नाही. एक वाक्य मात्र तिने घालायला सांगितले, ते असे की ज्या डॉक्टरांनी पहिल्या दिवशी तिच्या दोन प्रश्नांची उत्तरे दिली होती, त्यांनी एकदा समोर बसून उरलेले सांगावे.

रुग्णालयाने माझ्या नावाने पाठवलेले दोन ओळींचे उत्तर मी परत करतो आहे. नवे उत्तर तिच्या नावाने पाठवावे. मराठीत आणि जरा मोठ्या अक्षरात लिहावे. ती चौथीपर्यंत शिकली आहे, वाचून घेईल.

आपला,
तीन फुल्यांवर सही करणारा भाऊ